तुतीचं फडकं

"लाल! लाल आलं!"

आरोळी उठली तशा तुतीच्या झाडाखालच्या दीड-दोनशे माना एकदम वर झाल्या. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांना धरून टाचा उंचावल्या. चौथऱ्यावर दोन मडक्यांमागे तुतीमहाराज उभे होते. त्यांनी दोन बोटांत उंच धरलेलं फडकं मघाशी मळकट जांभळं होतं, आता ते लालभडक झालं होतं. उजव्या मडक्यातल्या पाण्यात बुडवलेल्या ज्या ओल्या हातांनी ते दाबलं होतं, ते हात आठ वर्षांच्या एका मुलीचे होते. तिला सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. पुढे सातव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला आणि तेव्हापासून घरात ते नाव घेताना कुणी हसेनासं झालं.

"बघा!" महाराज गरजले. "तीन दिवसांपूर्वी ह्याच लेकराच्या हातात फडकं हिरवंनिळं पडलं होतं. का? रक्तात विष! विष कुणी घातलं? सुयांनी! तीन दिवस सुई बंद, तीन दिवस पाल्याचा काढा, आणि आज? लाल! डॉक्टर काय करतो? मोजतो. सकाळी मोजतो, संध्याकाळी मोजतो. मोजतो तो शंका घेतो, आणि शंकेच्या अंगी पाला लागत नाही!"

"लागत नाही!" गर्दीने साथ दिली.

मुंगीची आजी पदराने डोळे टिपत होती. तिला तर ह्या काढ्याचा स्वतःचा अनुभव होता. दोन महिने ती रोज इथवर चालत येत होती, गोड चहा तिने सोडला होता, आणि तिची साखर खरोखरच खाली आली होती. मग नातीला का नाही? एवढासा जीव, दिवसातून चार वेळा टोचून घेतो. पोटाची, मांडीची कातडी चाळण झालेली. आजीला ते बघवत नसे.

खरं सांगायचं तर आईलाही बघवत नव्हतं. म्हणून तर तीन दिवसांपूर्वी आजीने इंजेक्शनांचा डबा फळीवर मागे सारला, तेव्हा आईने तो पुन्हा पुढे ओढला नाही. मुंगीचे वडील कामासाठी दूर असत. विचारायला दुसरं कुणी नव्हतं आणि तिलाही कुणाला विचारायचं नव्हतं. तीन दिवस सुई नाही, रडणं नाही. त्या सुखाला ती भुलली.

आई रेशमाच्या कारखान्यात उकळणीच्या कढईवर होती. कोशातून सोडवलेल्या धाग्याला खळीसारखा चिकटा असतो, तो सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढावा लागतो. दिवसभर ती लडी बुडवायची, वर काढायची, पिळायची. कामावर तिला 'सोडेवाली' म्हणत. आज अर्ध्या तासाची सुट्टी मागून ती तशीच पळत आली होती, कमरेला रबरी एप्रन, हात सोड्याच्या पाण्याने बुळबुळीत.

"ह्या माउलीला द्या फडकं!" महाराजांनी ते तिच्या हातात दिलं. "घरात जपून ठेव."

तिने फडकं घेतलं आणि दचकली. जिथे तिची बोटं टेकली होती, तिथे लालावर चार निळेहिरवे ठसे उमटले होते.

महाराजांनीही ते पाहिलं. ते झटकन खाली वाकले आणि तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटले, "तुझ्या मनात शंका आहे, बाई. आईची शंका लेकराला भोवते." मग ताठ होऊन मोठ्याने, "काढा दुप्पट करा! पुढचा कोण?"

शंका होतीच. काल संध्याकाळी तिने फळीवरचा डबा काढून उघडला होता आणि परत झाकला होता. ह्याला कसं कळलं?

"आई, पाणी," मुंगी म्हणाली.

सकाळपासून ती हेच म्हणत होती. तांब्यामागून तांब्या पीत होती आणि तरी ओठ कोरडे. आता तिचा श्वास धावून आल्यासारखा चालला होता. आईने तिला जवळ घेतलं, तेव्हा तोंडाचा वास आला: झाडाखाली पडून आंबलेल्या तुतींचा वास.

"विष बाहेर पडतंय गं," आजी म्हणाली. "महाराज म्हणालेच होते."

मुंगी भडभडून ओकली आणि आईच्या अंगावर कलली.

वर्षापूर्वी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं वाक्य आईला पहाटेपासून आठवत होतं आणि ती ते मागे ढकलत होती. तोंडाला सडलेल्या फळासारखा वास आला, श्वास जोरात चालू लागला, की मिनिटभरही थांबायचं नाही. तिने फडकं एप्रनच्या खिशात कोंबलं आणि पोरीला उचललं.

"सूनबाई, लाल आलंय गं! आता कुठे निघालीस?" आजीने तिचा दंड धरला.

"आई, सोडा मला."

"अगं पण…"

"सोडा म्हणते ना!"

आपण सासूबाईंवर ओरडलो हे तिला फार नंतर आठवलं.

दवाखान्यात मुंगीच्या दोन्ही हातांना नळ्या लागल्या. डॉक्टरबाईंनी कागद ओढला. "किती डोस चुकले?"

"चुकले नाहीत," आई म्हणाली. "मी दिले नाहीत."

डॉक्टरबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बोलणी खायची तिने तयारी केली होती. पण बाई एवढंच म्हणाल्या, "खरं सांगितलंत, त्यामुळे वेळ वाचला."

आजी दाराशी उभी होती. तिला राहवेना. "पण डॉक्टरीणबाई, माझी साखर उतरली की त्याच काढ्याने! तुम्हीच तपासली होतीत."

"उतरली. मी नाही कुठे म्हणते?" डॉक्टरबाई सलाईनचा वेग बघत म्हणाल्या. "आजी, तुम्ही माझ्या गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"नाही बाई. सवयीने घेत होते."

"रोज चालत होतात, गोड सोडलंत, गोळ्या चालू. पाल्यानेही थोडा हातभार लावला असेल, मी तुतीला नावं ठेवणार नाही. पण तुमच्या विहिरीत पाणी आहे, फक्त ओढायला जड जातं. हिची विहीरच कोरडी आहे. हिला पाणी बाहेरूनच आणून घालावं लागतं, रोज. ती सुई म्हणजे विष नाही, आजी. तेच हिचं पाणी आहे."

आजी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

रात्र कशी गेली ते आईला सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुंगी ग्लानीतच होती. मध्येच डोळे उघडायची, ओळख पटल्यासारखी बघायची आणि मिटायची. काहीतरी करायला हवं म्हणून आईने दवाखान्याच्या मोरीवर एप्रन धुवायला घेतला. खिशात ते फडकं निघालं, अर्धं लाल, अर्धं निळं. तिने रागाने ते मोरीत आपटलं आणि कपड्याच्या साबणाची वडी त्यावर खसाखसा घासली.

फेसाखाली लाल रंग पळाला. निळा आला, मग हिरवट.

तिचा हात थांबला. हा रंग तिच्या ओळखीचा होता. मुंगीचा पिवळा फ्रॉक. दरवर्षी तुती पिकल्या की त्याची ओटी भरून ती घरी यायची, आणि दरवर्षी ते जांभळे डाग साबणात टाकले की असेच निळेहिरवे पडायचे. नवी नवरी होती तेव्हा सासूबाईंनीच शिकवलं होतं, 'तुतीचा डाग सोड्यात घालू नकोस गं, निळा पडतो. आधी कच्ची तुती चोळ.'

ती बाहेर चहाच्या टपरीवर गेली, अर्धं लिंबू मागून आणलं. फडकं साध्या पाण्यात स्वच्छ खळबळलं आणि त्यावर लिंबू पिळलं.

लाल.

तिला हसू आलं नाही. मोरीच्या काठावर बसून ती हुंदके देत राहिली. दिवसभर हात सोड्यात घालणारी बाई ती! डाव्या मडक्यात सोडा आणि उजव्या मडक्यात लिंबाचं पाणी. नव्या माणसाला डावं मडकं, काढा प्यायलेल्याला उजवं. फडकी आधीच पिकल्या तुतीच्या रसात बुडवून वाळवलेली. एवढंच. आणि एवढ्यावर तिने पोरीची इंजेक्शनं बंद केली होती.

"पुन्हा कर," मागून आवाज आला. आजी केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

तिने साबण लावला. निळं. लिंबू पिळलं. लाल.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा आजीने वडी स्वतःच्या हातात घेतली. निळं पडलेलं फडकं तिने बराच वेळ डोळ्यांपाशी धरलं. मग घडी करून कनवटीला खोचलं.

संध्याकाळी मुंगीने डोळे उघडले आणि कुरकुर केली, "भूक लागली." आईला वाटलं, जगात याहून गोड वाक्य नसेल.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. सातव्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "सूनबाई, कामावर अर्धा दिवस सांग. झाडाखाली जायचंय."

"मीच जाते. तुम्ही कशाला?"

"पाच घरं मी नेलीत तिथे. माझ्याच तोंडाने."

झाडाखाली गर्दी तेवढीच होती. चौथऱ्यावर एक गवंडी अंग चोरून उभा होता. हातात फडकं, आणि ते हिरवंनिळं.

"विष!" महाराज म्हणाले. "तुझी सुई आजपासून बंद. बोल, बंद?"

"महाराज, डॉक्टर म्हणाले होते की…"

"पुन्हा डॉक्टर! अरे, झाड कुठल्या कॉलेजात शिकलं?"

लोक हसले. त्या हशातून वाट काढत आजी वर चढली. महाराजांनी तिला ओळखलं आणि चेहरा फुलवला. "या, आजीबाई! हिला विचारा. हिचं फडकं लाल आलंय!"

"आलं होतं," आजी म्हणाली. "आज परत बघू म्हणते." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हात डाव्या मडक्यात घातले.

"अहो, ते नव्यांचं! तुमचं उजवं!"

"का? रक्त माझंच आहे ना? मडक्याने काय फरक पडतो?"

आजीने थाळीतलं कोरडं फडकं उचलून दाबलं. हिरवंनिळं. तिने ते सगळ्यांना दाखवलं. मग हात आणि फडकं उजव्या मडक्यात घालून चांगलं घुसळलं आणि वर काढलं. टपटप पाणी गळत होतं आणि फडकं लाल होत होतं.

"बघा गं बायांनो! चुटकीसरशी मला विषही झालं आणि उतारही पडला. काढ्याचा घोटसुद्धा न घेता!"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज ओरडले, "ही बाई फितूर आहे! हिच्या सुनेच्या मनात शंका होती, ती हिला लागली!"

"लागली खरी," खालून आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तो ऐकू जात होता. "शंका नसती लागली तर माझी मुलगी आज नसती. महाराज, तुम्हीच घाला ना हात डाव्या मडक्यात. तुमच्या रक्तात तर विष नसेल?"

महाराजांनी हात मागे घेतले.

गवंड्याने मात्र हात पुढे केला. त्याने डाव्या मडक्यात बोट बुडवून अंगठ्याने चोळलं. "बुळबुळीत लागतंय," तो म्हणाला. "कालवलेल्या चुन्यासारखं." मग त्याने उजव्या मडक्यावर नाक नेलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आणि हे लिंबाचं."

आजीची बोटं जांभळी झाली होती. तिने हात वर करून फांदीवरची एक कच्ची, हिरवी तुती तोडली, चिरडली आणि बोटांवर चोळली. डाग फिका पडत गेला.

"तुतीचाच डाग," ती जवळजवळ स्वतःशीच म्हणाली. "कच्च्या तुतीने निघतो. मी आयुष्यभर काढत आले. आणि मीच ओळखला नाही." मग तिने मान वर केली. "पाच घरं नेलीत मी इथे. त्या पाचही घरांनी आज डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत. पाया पडू का?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक हळूहळू पांगले. काही जण तोंड फिरवून. एक बाई तर जाताना म्हणाली, "तरी माझ्या गुडघ्याला आराम पडला होता हो." दुपारपर्यंत चौथरा रिकामा झाला. मडकी फुटलेली होती. महाराज कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या एखाद्या झाडाखाली फडकी वाळत असतील. आईला ते मनातून जात नाही.

झाडाचा ह्यात काही दोष नाही. त्याच्या पानांवर रेशमाचे किडे पोसतात, त्याच्या पिकल्या फळांचं सरबत कोरड्या घशाला बरं वाटतं, त्याची कच्ची फळं डाग काढतात. हे सारं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या करून, पाहून, पुन्हा करून पाहून शिकलेलं आहे. खोटं शिरलं ते 'मोजू नका, विचारू नका' ह्या शब्दांबरोबर. ज्याचं औषध खरं असेल तो मोजायला का भिईल? तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा: पुन्हा कर. आणि आता मडकं बदलून कर.

त्या संध्याकाळी मुंगी पायरीवर बसली होती, मांडीवर तुतींची वाटी घेऊन.

"किती खाऊ?"

"दहा. मोजून," आई म्हणाली.

"आजी म्हणते मोजलेलं गोड लागत नाही."

"मी नाही हो तसं म्हटलं!" आतून आजी ओरडली. "मोज बाई, मोज. चांगलं मोठ्याने मोज."

मुंगीने फ्रॉक वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली आणि डोळे घट्ट मिटले. आईने सुई टोचली. मुंगीने ओठ दाबला, एक थेंब डोळ्यातून आला, आणि मग तिने पहिली तुती तोंडात टाकली.

"एक," ती म्हणाली.