दुसऱ्या वेचणीची सरकी

“विकायचं ते वीक, मैना, पण दुसऱ्या वेचणीची सरकी घरात ठेव. अन् पेराच्या आधी मूठभर ओल्या चिंधीत बांधून पाह्य.” सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कापूस फुटला की हे बोलणं मैनाबाईच्या कानी यायचंच.

त्या साली सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई चालली होती म्हणे, आणि इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी ऐकला नाही असा भाव आला होता. गावानं सगळा कापूस सरकीसकट विकला. वजन भरावं म्हणून वर पाणीही शिंपडलं. मैनाबाईच्या मालकांना, खुशालरावांना, बैलांच्या शिंगांसाठी चांदीच्या शेंब्या करायच्या होत्या.

“तो कोपऱ्यातला ढीग काहून ठेवला? देवाले वाहाचा हाय का?”

“बियाण्याचा हाय.”

“बी बाजारात मिळते.”

मैनाबाईनं वाद घातला नाही. सोमवारचा उपास सांभाळत तिनं तो कापूस लाकडी हातरेच्यावर घालून रुईपासून सरकी वेगळी केली, ती वाळवली आणि राख लावून मडक्यांत भरली. शेजारची मनकर्णा हसायची, “मैनाबाई, आता सरकीचंई व्रत धरलं का वो?”

मृगात सगळ्यांनी पेरलं. बाजारचं बी ओल्या गठ्ठ्यांत तापून मेलेलं. कुणाच्या वावरात कोंब दिसेना. खुशालरावांच्या वावरात मैनाबाईची सरकी पेरली होती, तिथलं रोप तेवढं ओळीनं उभं राहिलं. मनकर्णा बांधावर येऊन टेकली.

“तुमचं नशीब मोठं, मैनाबाई.”

“नशीब काय त्यात? चिंधीत बांधली तं अर्धी सरकी उगवली नाही. मंग पाण्यात टाकली अन् वर आली ते फेकून देल्ली.”

मनकर्णा म्हणाली, “आता आमी काय पेरावं?”

“दोन मडके उरले हायेत. सकाळी आणून देतो. पण पुढच्या साली तू सोता वेचून ठेवजो.”

संध्याकाळी खुशालराव बाजारातून आले ते खुशीतच. “लोक बियाण्यासाठी वणवण फिरून राहिले. मडक्यांले हात लावू नको. उद्या अकोल्याचा दलाल येते, मागू तो भाव देते.”

“मनकर्णाले कबूल केलं हाय.”

“तुले हसे ते? इसरली का?”

“इसरलो नाही.”

ओल उतरायच्या आत पेरलं नाही, तर मनकर्णाचं वावर वर्षभर पडीक राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. खुशालराव तरी जेवताना भावाचंच बोलत राहिले. मैनाबाई वाढत राहिली.

सकाळी तुळशीला पाणी घालून तिनं एक मडकं डोक्यावर घेतलं, दुसरं कमरेवर. खुशालराव ओसरीवर चूळ भरत होते. त्यांच्या देखतच ती पदर सावरून मनकर्णाच्या वावराच्या वाटेला लागली.