फोडवाले तुकडे

जतकडच्या ज्वारीच्या रानात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. बियाणं निवडायला बसला की पोचट कणीस त्याच्या हातात टिकत नाही. खोड चांगलीच, पण भलत्या जागी गेली की चांगली खोडही माणसाला खाते. क्रांतीबरोबर ती कुपवाडच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत आली होती.

खाणीच्या छतातून दगड सुटू नयेत म्हणून हल्ली तिथं पॉलिमरचा लेप फवारतात. एका खाणीनं आपल्याच यंत्रानं फवारलेल्या लेपाचे तक्ते तपासायला पाठवले होते. त्यांवर नुसता नंबर, खाणीचं नाव नाही. क्रांतीनं त्यांतून डंबेलच्या आकाराचे तुकडे कापायचे, आठवडाभर मुरू द्यायचे आणि मशीनला लावून ओढायचे. कितीला तुटतात ते बघायचं. बऱ्याच तुकड्यांत हवेचे फोड होते. तिनं कुणाला न विचारता ते पोत्यात टाकले आणि गुळगुळीत तेवढे मशीनला लावले. आकडे झकास आले. साहेब, सुमंत खाडिलकर, खूश झाले. "काय देखणे नमुने करतेस गं!" म्हणाले. रिपोर्ट पास होऊन गेलासुद्धा.

त्याला दहा दिवस झाले. आज तिनं डबा उघडला आणि वीरधवलचा फोन आला. हा तिचा थोरला भाऊ. लष्करातून निवृत्त होऊन परराज्यातल्या एका खाणीत सुपरवायझर झाला होता.

"क्रांते, नव्या लेपाच्या रिपोर्टावर तुझ्या ल्याबचं नाव हाय की गं! आजपासनं छताची लोखंडी जाळी बंद, नुसत्या लेपाखाली काम. गडी लय भ्याली हुती. मी म्हणलं, माझ्या भनीनं तपासलाय, चला. फोटू धाडलाय बघ. आत निघालोय."

फोटो उघडला. छतावर पांढरा लेप, आणि लेपभर फोड, भाकरीवर उठावेत तसे.

डबा तसाच राहिला. तिनं फोन लावला, तर तो बंद. खाणीत उतरलेल्या माणसाला फोन कुठला लागतोय!

ती सामानाच्या खोलीकडं धावली. पोतं अजून तिथंच होतं. त्यातला एक तुकडा मशीनला लावला. रिपोर्टातल्या आकड्याच्या निम्म्यावर जायच्या आतच तो फाटला. दुसराही तसाच. तिसराही. जे फोडवाले तुकडे तिनं खराब समजून बाजूला काढले, तोच खरा लेप होता.

नोकरी जाईल, हा विचार मनात आला. खोटं कशाला बोला, आलाच. पण पाय साहेबांच्या खोलीकडं वळले होते.

"साहेब, तो रिपोर्ट चुकलाय. फोडवाले तुकडे मी लावलेच न्हाईत. माझा दादा त्याच लेपाखाली हाय."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लगेच खाणीला फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा मॅनेजर म्हणाला, पाळी आत गेलीय, माणसं बाहेर काढायला तास तरी लागेल.

तो तास क्रांतीनं दारात उभं राहून काढला. यल्लम्माला साडीचा नवस बोलली, तो कमी वाटला म्हणून चांदीचे डोळे बोलली. कुठं ट्रकचा फाळका आदळला तरी ती दचकून फोन बघत होती. दादाच्या अंगावर दगड, हे एकच चित्र डोळ्यांपुढून हलेना.

फोन वाजला. "क्रांते!"

दादाचा आवाज! तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच पायरीवर बसली.

"बाहेर काढलं आमास्नी. रिपोर्ट चुकला म्हणत्यात. मी भांडलो मॅनेजरसंगं. म्हणलं, माझ्या भनीचं काम चुकायचं न्हाई. कुणी सांगितलं ह्यास्नी?"

"मीच सांगितलं, दादा. चूक माझीच हाय."



"अकरा गडी आत आल्याली, क्रांते," तो म्हणाला. "कुणी येत नव्हतं. तुझं नाव घेतलं, तवा आली."