पावरीसाठी दोन सिंथ

सुरतच्या विक्रेत्यानं गोकुळदादाला दोन सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवून बघायला दिले होते. एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. दादा झिपरूशेठच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवतो. डोंगरातल्या लग्नांत लोक पावरीवर, भोपळ्याच्या फुंकवाद्यावर, नाचतात, आणि बँडच्या गाडीवर ती पावरी सिंथमधून काढावी लागते. मागच्या हंगामात मोलगीच्या लग्नात बाया कानांवर पदर धरून गाडीपासून लांब गेल्या. दादानं भोंग्यांना दोष दिला, शेठनं दादाला. पुन्हा असं झालं तर दुसरा वादक बघेन, असं शेठ स्पष्टच बोलला होता.

मी तळोद्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मास्तरीणबाईंच्या लहरी कधीतरी घरच्या कामाला येऊ देत, असं चिडवत दादानं मला रविवारी बोलावून घेतलं.

काळ्या सिंथमध्ये ढीगभर तयार टोन होते, पण एखादा बदलायचा तर छोट्या पडद्यावर पानामागून पान उलटावं लागे. राखाडीत टोन थोडेच, मात्र लहर, फिल्टर, सुराची चढण-उतरण, सगळ्यांचे नॉब समोर. सिंथमध्ये आवाज किती आहेत यापेक्षा तो आवाज किती घडवू देतो हे बघायचं, यावर आमचं एकमत झालं.

दादानं राखाडीवर पावरी घडवायला घेतली. चौकोनी लहर घेतली, तिच्यात वाऱ्याची थोडी खरखर मिसळली, सूर एकदम न फुटता फुंकेसारखा भरत यावा अशी चढण लावली. भोपळ्यातून हवा जावी तसा पोकळ सूर आला. मी पसंतीनं मान हलवणार तोच त्यानं फिल्टर उघडला, आणखी उघडला, तशी सुराची धार वाढतच गेली. माझ्या दातांत कळ गेली.

"हाई अजून मुकंच शे," म्हणत तो काळ्याकडे वळला. तिथंही त्यानं तेच केलं.

मला शंका आली. कॉलेजातला एक प्रयोग करू म्हटलं. त्याला डोळे मिटायला लावले आणि ऐकू येईल तोवर हात वर धरायला सांगितलं. साधी, गुळगुळीत लहर लावून मी एकेक पट्टी वर चढत गेले. हात फार लवकर खाली आला. मी तीच पट्टी दाबून ठेवली. हात पुन्हा वर जाईल असं वाटत होतं.

आतल्या खोलीतून त्याची मुलगी मयूरी वैतागून म्हणाली, "आत्या, ती शिट्टी बंद कर ना."

"कोनती शिट्टी?" दादानं विचारलं. डोळे उघडले तेव्हा माझं बोट पट्टीवरच होतं.

त्यानं स्पीकरला कान लावून पुन्हा दाबायला सांगितलं. मी दाबलं. तो तसाच वाकून राहिला. मग सरळ होत हळू आवाजात म्हणाला, "शेठले सांगू नको."

नाही सांगणार, म्हटलं.

मी राखाडीवर त्याची पावरी पुन्हा लावली आणि वाजव म्हटलं. तो वाजवू लागला तसा मी फिल्टर थोडा थोडा मिटत आणला. सुरातली धार गेली, फुंक उरली. मयूरी दारात येऊन उभी राहिली आणि पाय हलवायला लागली.

"मले ते गोधडीखाले दबेल वाटस," तो म्हणाला. थांबला मात्र नाही. आता तो नॉबकडे बघत नव्हता, आम्हा दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत होता. सूर कुठे वाकवायचा, कुठे सोडायचा, हे त्याच्या बोटांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

काळा सिंथ त्यानं स्वतःच खोक्यात भरला. मग खाटेवर बसून शेठला फोन लावला. टोन जमला, म्हणाला. पुढं जरा अडखळला.

"मन्ही बहीण संगे येई. टोन तीच लाई देई. मन्हा कान आते पहिलासारखा नही ऱ्हायनात."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. दादा भिंतीकडे बघत नुसता हं, हं करत होता. मग फोनवर हात ठेवून त्यानं मला विचारलं, "शेठ इचारस, गाडीमा पुढे बसशी का मांगे?"