ज्याचा श्वास

वाघोलीपलीकडच्या सोडून दिलेल्या खाणीत पाणी निश्चल उभे होते. जणू डोंगराने आपली जखम काचेखाली झाकून ठेवली होती. काठावर गुडघे टेकून वल्लरी आपल्या सिलिंडरवरची पांढरी चिकटपट्टी वाचत होती: ऑक्सिजन ५०, खोली २१, वल्लरी. अक्षर मात्र तिचे नव्हते.

"कालच गॅस भरायच्या दुकानात सगळ्यांचे सिलिंडर तपासून टाकले," पुष्कर म्हणाला. "तुझाही. थँक्यू म्हण!"

खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत तो तिचा टीम लीड होता, आणि इथे पाण्यातला जोडीदार. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या चाचण्यांपुढे स्वतःच 'पास' भरून मोकळे होण्यात त्याचा हातखंडा होता.

"तपासायचं मीटर कुठंय?"

"दुकानातच राहिलं. अगं, पन्नास म्हणजे पन्नास. पुणेरी शंका काढू नकोस."

आठ महिने ती पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, झडपा उघडायला-मिटायला शिकली होती. हौशी पाणबुड्याला भीती वाटली की वर येता येते. टेक्निकल डायव्हिंगमध्ये ती मुभा नाही. खोलवर राहिल्याने अंगात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्यावर थांबत यावे लागते. डोक्यावर न दिसणारे छप्पर असते. परतताना एकवीस मीटरवर या सिलिंडरातला श्वास घ्यायचा. त्यात ऑक्सिजन ठरलेल्या पन्नास टक्क्यांहून बराच जास्त निघाला, तर त्या खोलीवर तोच प्राणवायू झटके आणतो. म्हणून प्रशिक्षक महिपती सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले होते: ज्याचा श्वास, त्याचीच तपासणी.

आज शेवटची परीक्षा होती. आणि नापास झाले तर हा नाद कायमचा सोडेन, असा शब्द तिने वडिलांना दिला होता. नारायण पेठेतले निवृत्त गणित शिक्षक शरच्चंद्र तो शब्द वसूल करायला घडीची खुर्ची घेऊन जातीने हजर होते.

"सर, मी दुकानात जाऊन तपासून येते."

महिपती सरांनी घड्याळ पाहिले. खाणमालकाने पाणी बारापर्यंतच दिले होते. अकरा वाजत आले होते. "पुष्करनं पाहिलंय ना बाप्पा? चालते. उतरा."

"फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतंत."

"वर्गातलं वर्गात. आज नाही उतरलीस, तर पुढची तुकडी दिवाळीनंतर."

पाणी तिला बोलावत होते. त्या हिरव्या काळोखासाठी तिने आठ महिन्यांचे रविवार वेचले होते. तिने पाठीवरचे पट्टे एकेक करून सोडले.

"मग दिवाळीनंतर," ती म्हणाली.

पुष्कर हसला. "एवढा इगो?"

"माझं नाव आहे त्याच्यावर. ते तू लिहायचं नव्हतंस."

तिच्या जागी महिपती सर जोडीला झाले आणि पुष्कर पाण्यात शिरला. वर उठणारे बुडबुडे ती पाहत राहिली.

"काय, बुडायचा मुहूर्त टळला वाटतं?" शरच्चंद्र खुर्ची मिटत म्हणाले.

"बाबा, गाडी खराडीच्या त्या दुकानाकडे घ्या."

दुकानातल्या मीटरचा आकडा लुकलुकला आणि स्थिरावला: ५०.१.

"म्हणजे त्या मुलाचं बरोबर होतं."

"हो."

"मग अडलीस कशासाठी?"

"तो चुकला असं मी म्हटलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं, एवढंच. आणि उद्या पुन्हा असंच झालं, तर पुन्हा असंच करीन."

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. छत्तीस वर्षे त्यांनी वह्या तपासल्या होत्या. शेजारच्याचे पाहून लिहिलेले अचूक उत्तर त्यांना एका नजरेत ओळखू येई.

"उत्तर बरोबर, रीत नाही," ते पुटपुटले. "मी शून्य देत असे." मग घसा खाकरून म्हणाले, "पण तू दिलेल्या शब्दाचं काय?"

"नापास झाले तर, असा शब्द होता. मी परीक्षेला बसलेच नाही."

"वकील व्हायला हवी होतीस."

वल्लरीने जुनी पट्टी ओरबाडून काढली. नवी चिकटवताना सिलिंडर घरंगळू लागला, तेव्हा शरच्चंद्रांनी तो दोन्ही हातांनी धरला. तिने लिहिले: ५०.१. खोली २१. वल्लरी.

"तारीख राहिली," ते म्हणाले.