अमरवेलीची सहा ठिकाणं

आसेगावच्या आमच्या सोयाबीनमध्ये पिकाचा रस शोषणारी अमरवेल शिरली. ती काढायला एका ठिकाणाला एक बाई लावायची, म्हणून आकडा हवा होता. नात वर्षाराणीने कागदावर शेताचे चौकोन पाडले. वेल होती तिथे एक लिहिला, नव्हती तिथे शून्य. तिचा संगणक म्हणाला, नऊ ठिकाणं. मी पायी मोजली होती सहा.

"आजी, तू चुकून राह्यली."

गुडघे दुखत असताना मी पुन्हा शेत तुडवलं. लहानपणी आईने शिकवलं तसंच: वेल धरून टोकापर्यंत जायचं, पाहिलेल्या झाडापाशी ढेकूळ ठेवायचं, मागच्या फाट्यावर येऊन दुसरी वाट धरायची. सगळ्या वाटा संपल्या की एक ठिकाण झालं. तरी सहाच.

"माहा प्रोग्राम बी असाच चालते," ती चिडली. "वर, खाली, डावीकडं, उजवीकडं."

"अन् तिरपं?"

"तिरपं जायचं नाही, असा नियम हाये."

"मंग तो नियम अमरवेलीले सांग!"

तिने कोपऱ्याला कोपरा लागलेले चौकोनही जोडलेले धरले, तेव्हा सहा आले. मी सहा बाया सांगितल्या. पण या वादात आठवडा गेला होता. शेतात पाहते तर दोन ठिकाणं एकमेकांना भिडलेली. आता पाचच होती, आणि पहिल्यापेक्षा मोठी.