बेकारांत तरी धरा

मी पॅड बोलतोय. परीक्षेला मुलं नेतात ना, तोच. पुठ्ठ्याचा, डोक्यावर लोखंडी चिमटा. फरक एवढाच, की माझ्यावर अख्ख्या देशाची परीक्षा चालायची. सावकाश सांगतो हं. दमलोय.

गठ्ठ्यातली माझी भावंडं शाळेत गेली, मी आकडेवारीच्या ऑफिसात. तिथे तीन आकड्यांची वट होती. उत्पन्न किती वाढलं, महागाई किती चढली आणि बेकार किती. देशाचं बरं चाललंय की नाही, ते यावरून ठरायचं. माझ्या वाट्याला बेकारी आली. ऐकूनच माझा चिमटा ढिला पडला, तो आजतागायत.

माझी मालकीण म्हणजे मोजणीबाई. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, चौकटीत खूण करायची. तिच्या काखेत बसून मी एक लाख जिने चढलो. बरं, नव्वद हजार धरा. एका कुत्र्याने माझा कोपरा खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून तो दारं मोजत हिंडू लागला. खोटं वाटत असेल तर कुत्र्याला विचारा.

आमचा नियम कडक. निवडलेल्या घरी दर तीन महिन्यांनी एकदा, असं चारदा जायचं. फक्त विचारायचं. सल्ला द्यायचा नाही, हळहळायचं नाही. आणि त्या एका घरामागे तशीच हजार घरं आहेत असं धरायचं.

असंच एक घर लेथवाल्याचं. कारखाना बंद पडला आणि बावीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभा असलेला माणूस घरी बसला. बायको शिवणकाम करायची.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?" बाईने पहिल्या खेपेला विचारलं.

"शोधलं का? या चपला बघा माझ्या."

"चपलांना चौकट नाही हो, भाऊ."

बाईने 'बेकार' या चौकटीत खूण केली. दुसऱ्या खेपेलाही तेच, फक्त चपला आणखी झिजलेल्या.

तिसऱ्या खेपेला तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. भरदुपारी. दाढी वाढलेली.

"काम शोधलंत?"

"नाही. पुरे झालं."

बाईने खालच्या चौकटीत खूण केली. तो मान वळवून बघत होता. "काय लिहिलंत? बेकार ना?"

"नाही. शोधत असेल त्यालाच बेकार धरतात."

"मग मी नोकरीवाला?"

"तेही नाही."

"अहो, मग मी आहे कोण?"

मशीन थांबवून बायको म्हणाली, "घ्या! बेकारांतसुद्धा तुमचा नंबर लागला नाही."

ती हसली. तो हसला नाही. बाईने नियमातलं शेवटचं वाक्य म्हटलं, "तीन महिन्यांनी येईन. हेच विचारीन." जिना उतरताना तिचा घाम माझ्या पुठ्ठ्यात मुरत होता.

पुढच्या महिन्यात आकडा आला. बेकारी घटली! साहेब स्वतःहून चहा सांगतात म्हणजे बघा. "सगळं सुधारतंय," म्हणाले. मी टेबलावर पालथा पडलो होतो. एक लेथवाला भिंतीकडे वळला, की कागदावर हजार माणसं भिंतीकडे वळतात. तेवढे बेकार कमी. यात आमची चूक काहीच नव्हती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, हेच तर अंगावर आलं.

चौथी खेप शेवटची. त्यानंतर ते घर यादीतून जाणार. बाई दारापाशी बराच वेळ उभी राहिली. तो काम शोधत नसला तरी 'बेकार'वर खोटी खूण करावी, असं तिच्या मनात आलं होतं. मला कळतं, तिचा अंगठा चिमट्यावर होता.

दार बायकोनेच उघडलं. "या! तीन महिने डोकं खाल्लंय मी यांचं. म्हटलं, त्या येतील, विचारतील, तेव्हा काय तोंड दाखवणार?"

लेथवाला उठून बसलेला. दाढी केलेली. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे नऊ कारखान्यांची नावं लिहिलेली.

"नऊ गेट झाली. आठ ठिकाणी बाहेरूनच हाकललं. एका वॉचमनने नाव लिहून घेतलं. आता तरी धरा मला बेकारांत."

बाईने खूण केली, ती इतकी दाबून, की तीन कागद फोडून माझ्यापर्यंत पोचली. "धरलं, भाऊ," ती म्हणाली. एवढं बोलणंही नियमात नव्हतं.

त्या खेपेला बेकारी वाढली. पेपरांनी झोडपलं, साहेबांचा चहा आठवडाभर बंद. बाई मात्र ऑफिसच्या नळाखाली तोंड धुताना गुणगुणत होती.

त्या वॉचमनने पुढे निरोप पाठवला की नाही, मला ठाऊक नाही. यादीतून गेलेल्या घरी आम्ही पुन्हा जात नाही. आता बाई निवृत्त झाली, मोजणी टॅबलेटवर होते. मी एका तुटक्या खिडकीच्या फटीत खोचलेला आहे, ती आपटू नये म्हणून.

एकच विनंती. बेकारी घटल्याचं वाचलंत, की लगेच टाळ्या वाजवू नका. कोण कामाला गेलं आणि कोण भिंतीकडे वळलं, एवढं विचारा. आणि वाढल्याचं वाचून उसासा टाकायच्या आधी, जमलं तर या खिडकीपाशी या. माझ्या पाठीवरून बोट फिरवा. ती खूण अजून हाताला लागते.