माझ्या डोक्यामागचे नाव

मित्रांनो, तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा माझ्यापुढे कालची पोरे. माझे कूळ सरपटणाऱ्यांचे, पण मी उडत असे. माणसे मला टेरोसॉर म्हणतात. पंख पसरले तरी मी कावळ्याएवढाच. एका वादळात पंख मोडला आणि मी समुद्राच्या तळाशी चिखलात रुतलो. आईने हाका मारल्या असतील, मला ऐकू आल्या नाहीत. चिखलाचा दगड झाला आणि मी त्यात कोट्यवधी वर्षे एकटा पडून राहिलो.

मग आइखश्टेट गावाजवळच्या खाणीत कोर्बिनियन नावाच्या कामगाराची छिन्नी माझ्यापर्यंत आली. चुनखडीचे थर सोडवून फरशा काढणे हे त्याचे काम. एक घाव बसला आणि माझे दोन तुकडे झाले! धड एका फरशीत, डोके दुसरीत. डोक्यावर दगडाचा पापुद्रा होता, म्हणून ते कुणाला दिसलेच नाही. ती फरशी अंगणातल्या ढिगात पडली.

"क्रेसेन्झ, बघ गं, वटवाघूळ सापडलं!" म्हणत त्याने माझे धड बायकोला दाखवले आणि खिडकीत ठेवले. रोज सकाळी तो मला विचारायचा, "काय रे, उठलास का?" ते माझे सुखाचे दिवस.

कोर्बिनियन वारला. क्रेसेन्झने ढिगातली सर्वांत गुळगुळीत फरशी निवडली, तिच्यावर त्याचे नाव कोरून घेतले आणि ती थडग्याशी उभी केली. माझे डोके तिच्याच पाठीला होते. घरात क्रेसेन्झ माझी धूळ पुसायची, पण बोलायची नाही.

एकदा संग्रहालयातली हेन्रिके आली. मला पाहून ती खुर्चीवरून उठलीच.

"आजी, असा प्राणी आजवर कुणी पाहिलेला नाही! पण डोक्याशिवाय याला नवं नाव देता येणार नाही. दुसरी फरशी कुठंय?"

"कोर्बिनियनच्या उशाशी. याच्याबरोबरच निघालेली फरशी ती, त्यानंच सांगितलं होतं."

"अगं बाई! थंडीनं तिचे पापुद्रे सुटतील. द्या ना ती मला."

"आणि माझा माणूस बिननावाचा पडू दे? हा इतकी वर्षं बिननावाचा राहिलाच ना? राहील आणखी थोडा!"

हेन्रिके निघून गेली.

हिवाळ्यात क्रेसेन्झ थडग्यावर दिवा लावायला गेली आणि मुठीत दगडाची खपली घेऊन परतली. खपलीवर नवऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर होते. ती खूप रडली. मग तिने हेन्रिकेला बोलावले.

"ने बाई. पण त्याच्या नावाला हात लावलास तर याद राख!"

हेन्रिकेने शब्द पाळला. तिने पापुद्रा काढला, दोन्ही फरशा शेजारी ठेवल्या आणि मला पुन्हा मान मिळाली. क्रेसेन्झ वाकून कितीतरी वेळ पाहत होती.

"जुळलास बाबा तू," ती म्हणाली. "माझा जोडीदार मात्र तिथंच राहिला."

आता मी काचेत उभा आहे. लोक माझे लांबलचक नवे नाव वाचतात, हसतात आणि पुढे जातात. "उठलास का?" असे कुणी विचारत नाही.

मित्रांनो, कधी आलात तर एवढे करा. काचेला वळसा घालून मागे या. तिथे एक नाव आहे. पहिले अक्षर गेले आहे, तरी वाचता येते. क्रेसेन्झ दर रविवारी येऊन ते मोठ्याने वाचायची. या हिवाळ्यात ती आली नाही. तुम्ही वाचा.